स्वामी रामानंद तीर्थ आणि दोन विलीनीकरणे

भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी चैत्र-वैशाखातील सायंकाळी शंभर-दोनशे माणसे एकत्र बसतात, कोणा व्याख्यात्याचे दोन शब्द ऐकतात, प्रश्न विचारतात आणि घरोघर जातात. आज यात कोणास काही विशेष वाटत नाही. परंतु ही गोष्ट या मुलखात फार जुनी नव्हे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम सुरू केला तो १८७५ साली. पुणे तेव्हा परक्यांच्या राज्यात होते, तरी तेथे सभा भरत होत्या, वर्तमानपत्रे निघत होती, सरकारवर टीका होत होती. भोकरदन निजामाच्या राज्यात होते. येथे ‘गश्ती निशान ५३’ या नावाचे एक सरकारी परिपत्रक होते आणि त्याअन्वये कोणतीही सभा भरवावयाची तर आगाऊ परवानगी घ्यावी लागे. परवानगी न घेता बोलणे हा गुन्हा, आणि परवानगी मागणे हेच संशयाचे कारण, अशी ती स्थिती होती. म्हणून या व्यासपीठावरून बोलावयाचे तर ज्या माणसाने या प्रदेशास बोलण्याचा अधिकार मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला, त्याच्याविषयी प्रथम बोलावे असे आम्हांस वाटले. तो माणूस म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ.

स्वामीजींची पूजा बांधण्याचा आमचा हेतू नाही. मराठवाड्यात त्यांच्या तसबिरी पुष्कळ आहेत, नावाच्या संस्थाही पुष्कळ आहेत. सतरा सप्टेंबरला ध्वजवंदन होते, दोन भाषणे होतात आणि तसबीर पुन्हा भिंतीवर जाते. आम्हांस येथे एवढेच पाहावयाचे आहे की, ‘विलीनीकरण’ या एका शब्दासाठी या माणसाने आयुष्य वेचले, तर त्या शब्दाचा त्याच्या मनातील अर्थ काय होता, त्यातील किती साधले आणि किती राहिले.

सरहद्दीवरचे गाव

भोकरदन हे फार जुने गाव. प्राचीन भोगवर्धन ते हेच, असे विद्वानांनी ठरविले आहे. सांचीच्या स्तूपास दान देणाऱ्या लोकांच्या लेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आहे. १९७० नंतरच्या दशकात येथे उत्खनन झाले तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, आणि तिचे साम्य थेट इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी दिसून आले. म्हणजे दोन सहस्र वर्षांपूर्वी केळणेच्या काठचे हे गाव दूरदूरच्या जगाशी जोडलेले होते. तेच गाव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र शेजारच्या बुलढाण्यापासूनही तुटलेले होते.

हे तुटलेपण केवळ नकाशावरील रेषेचे नव्हते. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे खानदेश, पूर्वेस वऱ्हाड. तेथे इंग्रजी अंमल, कलदार रुपया, मराठी शाळा. अलीकडे निजामी अंमल, हाली शिक्का, कचेरीत उर्दू. सात हाली रुपये दिले म्हणजे सुमारे सहा कलदार हाती येत. माल सरहद्दीपार न्यावयाचा तर करोडगिरीचा नाका. लग्नसंबंध दोन्हीकडे, देवस्थाने दोन्हीकडे, बोली तीच. पण राज्य दोन. येथून जवळच असई आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या फौजेचा वेलस्लीने पराभव केला, हे आपण शाळेत शिकतो. त्या पराभवापासून पुढे दीडशे वर्षे या मुलखाचे भवितव्य येथील लोकांस न विचारता ठरत गेले. स्वामीजींच्या राजकारणाचे मूळ या एका गोष्टीत आहे. लोकांस न विचारता त्यांचे भवितव्य ठरू नये, हाच त्यांच्या मते विलीनीकरणाचा पहिला अर्थ होता.

खेडगीकर मास्तर ते स्वामीजी

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथील. घर मराठी, आसमंत कानडी. शिक्षण सोलापुरास चालू असता असहकाराची चळवळ आली आणि त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढे अमळनेर व नंतर पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ अशा राष्ट्रीय संस्थांतून त्यांनी शिक्षण पुरे केले. त्यानंतर कामगारांचे ज्येष्ठ पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काही काळ काम केले. ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, परंतु आमच्या मते ती महत्त्वाची आहे. संघटना कशी बांधावी, मागणी कशी लेखी मांडावी, सभासदांची नोंद कशी ठेवावी, वाटाघाटीत कोठे थांबावे, हे ज्ञान संन्याशास सहसा नसते. स्वामीजींस ते होते, आणि ते कामगार चळवळीतून आलेले होते.

प्रकृती बिघडल्याने त्यांना ते काम सोडावे लागले आणि ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. ही शाळा १९२१ साली निघालेली. निजामी राज्यात राष्ट्रीय शिक्षणाची ती एक लहानशी पणती होती. याच काळात त्यांनी संन्यास घेतला व ते रामानंद तीर्थ झाले. १९३५ साली ते अंबेजोगाईस योगेश्वरी विद्यालयात आले. शिक्षक म्हणून त्यांच्या हाताखालून गेलेली मुले पुढे चळवळीत कार्यकर्ते झाली. मराठवाड्यातील स्वातंत्र्यलढ्याचे मनुष्यबळ राजकीय सभांतून आले नाही, कारण सभांना बंदीच होती. ते शाळांतून व वाचनालयांतून आले.

संन्याशाने राजकारणात पडावे काय, असा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. यास एक व्यावहारिक उत्तर आहे. ज्या राज्यात जमीन, नोकरी, वतन आणि वकिलीची सनद या सर्वांच्या दोऱ्या सरकारच्या हाती होत्या, तेथे ज्याच्यापाशी काढून घेण्यासारखे काही नाही असाच माणूस शेवटपर्यंत टिकणे शक्य होते. भगवी वस्त्रे ही त्यांची श्रद्धा होती यात शंका नाही. पण तीच त्यांची ढालही झाली.

नावातच गुन्हा

१९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर आज आपल्याच जालना जिल्ह्यात आहे. गोविंदराव नानल अध्यक्ष होते. अशाच परिषदा आंध्र व कर्नाटक भागांतही होत्या, कारण हैदराबाद हे तीन भाषांचे राज्य होते. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे, तीन कर्नाटकाचे. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल आणि १९४१ च्या गणतीप्रमाणे लोकसंख्या एक कोटी साठ लक्षांवर. या तिन्ही भागांतील कार्यकर्त्यांनी मिळून १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापण्याचे ठरविले. ती रीतसर जन्मास येण्यापूर्वीच सप्टेंबर महिन्यात सरकारने तिच्यावर बंदी घातली. सरकारचा पहिला आक्षेप ‘काँग्रेस’ या नावासच होता.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी त्यात उडी घेतली व तुरुंगवास पत्करला. दोनच महिन्यांनी, २४ डिसेंबरला, गांधीजींच्या सल्ल्यावरून हा सत्याग्रह थांबविण्यात आला. याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. त्याच वेळी आर्यसमाज व हिंदुमहासभा यांचेही सत्याग्रह हैदराबादेत चालू होते. त्यांची मागणी धार्मिक हक्कांची होती, स्टेट काँग्रेसची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची होती. दोन्ही एकत्र मिसळल्यास लढा प्रजा विरुद्ध राजा असा न राहता हिंदू विरुद्ध मुसलमान असा होईल, ही भीती खरी होती. हजारो लोक तुरुंगात जाण्यास उत्सुक असताना चळवळ थांबविणे कोणासही रुचले नसेल. पण स्वामीजींनी पुढेही ही सीमारेषा पुसू दिली नाही. राज्यकर्ता मुसलमान आहे म्हणून नव्हे, तो लोकांस जबाबदार नाही म्हणून त्यास विरोध, हे सूत्र त्यांनी धरून ठेवले.

बंदीच्या काळातही विचार थांबले नाहीत. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली पुण्याहून ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले. निजाम सरकारने त्यास राज्यात मज्जाव केला की ते निराळ्या नावाने निघे आणि सरहद्दीवरून आत येई. १९४० साली स्वामीजींनी गांधीजींच्या अनुमतीने वैयक्तिक सत्याग्रह केला व पुन्हा तुरुंगवास भोगला. १९४२ साली तिसरा. आठ वर्षांनंतर, जुलै १९४६ मध्ये, स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली. अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली तीत मवाळ पक्षाचे बूर्गुल रामकृष्णराव यांचा अल्प मतांनी पराभव करून स्वामीजी निवडून आले. हा नुसता दोन व्यक्तींचा सामना नव्हता. निजामाशी बोलणी करीत थोडे थोडे हक्क मिळवावेत असे एक मत होते. अर्धवट सुधारणा नाकारून संपूर्ण जबाबदार राज्यपद्धतीसाठी उभे राहावे असे दुसरे. दुसऱ्या मताचा विजय थोडक्या मतांनी झाला आणि त्या थोडक्या मतांनी पुढचा इतिहास वळविला.

सामील होणे आणि विलीन होणे

येथे दोन शब्दांतील भेद सांगणे अवश्य आहे, कारण आपण ते एकाच अर्थाने वापरतो. इंग्रज गेले तेव्हा संस्थानिकांपुढे ‘सामीलनामा’ ठेवण्यात आला. त्यावर सही करणारा संस्थानिक संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय भारत सरकारकडे सोपवी. बाकी राज्य त्याचेच राही. हे झाले सामील होणे. त्यापुढे जाऊन संस्थानाचे वेगळे अस्तित्वच संपविणे, त्याची प्रजा भारताच्या राज्यघटनेखाली समान नागरिक होणे, हे विलीन होणे. पहिली गोष्ट राजाच्या सहीने होऊ शकते. दुसरीस लोकांचा हुंकार लागतो.

११ जून १९४७ रोजी निजामाने फर्मान काढले की, इंग्रज गेल्यानंतर आपण सार्वभौम होऊ. त्याच महिन्यात हैदराबादेस मुशीराबाद येथे स्टेट काँग्रेसचे अधिवेशन भरले व स्वामीजींनी अध्यक्ष या नात्याने भारतीय संघराज्यात येण्याची मागणी पुढे ठेवली. ७ ऑगस्ट हा ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन म्हणून पाळला गेला. १५ ऑगस्ट उजाडला तेव्हा हैदराबाद, काश्मीर व जुनागढ भारतात आलेले नव्हते. त्या दिवशी देशभर तिरंगा फडकत असता, तोच ध्वज हैदराबादेत उभारल्याबद्दल स्वामीजींस अटक झाली.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर स्वामीजी सुटले. २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांस पुन्हा पकडले, आणि लष्करी कारवाई होईपर्यंत ते आतच राहिले. म्हणजे या लढ्याच्या सर्वांत निकराच्या आठ महिन्यांत त्याचा सेनापती तुरुंगात होता. बाहेर काम चालविले ते दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ इत्यादिकांच्या कृतिसमितीने. सोलापूर, नगर, खानदेश, वऱ्हाड अशा सरहद्दीभर छावण्या उभ्या राहिल्या. करोडगिरीचे नाके जाळणे, पोलीस ठाण्यांवर हल्ले, साऱ्यास नकार असा तो कार्यक्रम होता. जानेवारी १९४८ अखेर उमरी येथील बँकेवर छापा घालून लढ्यासाठी पैसा काढण्यात आला. आपल्या जिल्ह्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनी रझाकारांशी सशस्त्र सामना दिला, त्याच्या आठवणी या भागात अजून सांगितल्या जातात. बिलोली भागातील गोविंदराव पानसरे तर ऑक्टोबर १९४६ मध्येच मारले गेले होते.

येथे एक विसंगती आहे आणि ती झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही. अध्यक्ष गांधीमार्गी संन्यासी, आणि संघटनेच्या छावण्यांत बंदुका. दुसरीकडे लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकार संघटनेचा उच्छाद गावोगाव चालला असता केवळ सत्याग्रहाने गावे वाचली असती, असे म्हणण्याचे धाडसही आम्ही करणार नाही. स्वामीजींच्या चरित्राचे मोल अशा पेचातच कळते. तत्त्व एका बाजूस, माणसांचे प्राण दुसऱ्या बाजूस. आणि निर्णय घेणारे सहकारी दूर सरहद्दीवर.

विलीनीकरण मागणारे सारे हिंदू होते, असाही एक समज आहे. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हैदराबादने भारतात यावे असे उघडपणे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात त्यांची हत्या झाली. स्वामीजींनी १९३८ पासून जी रेषा आखली होती, तिचा हा रक्ताने लिहिलेला पुरावा होय.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे, दुसरी पूर्वेस विजयवाड्याकडून, आणि एक आपल्याकडे औरंगाबाद-जालन्यावर आली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शस्त्रे ठेवली. पुढे नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने भारताची राज्यघटना मान्य केल्याचे फर्मान काढले आणि २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद भारताचे एक राज्य झाले. पहिले विलीनीकरण पुरे झाले.

विजयानंतरची काळी बाजू

याच विजयाच्या पाठोपाठ या राज्यात जे घडले तेही सांगितले पाहिजे. कारवाईच्या वेळी व नंतरच्या दिवसांत मुसलमान वस्तीवर अनेक ठिकाणी सूड उगविला गेला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली चौकशीसाठी मंडळ पाठविले. त्याचा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. मृतांचा त्या मंडळाचा अंदाज किमान सत्तावीस हजार ते चाळीस हजार असा होता, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळले असे त्याने नमूद केले. रझाकारांचे अत्याचार खरे, तसे हेही खरे. गुन्हेगार रझाकार व त्याच्याच धर्माचा निरपराध विणकर यांत जो भेद करीत नाही, त्यास प्रजेच्या राज्याचा अर्थ समजला नाही. ‘समान नागरिकत्व’ हा विलीनीकरणाचा दुसरा अर्थ. त्याची पहिली परीक्षा मुक्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात झाली आणि तीत आपण सर्वच उत्तीर्ण झालो नाही. सतरा सप्टेंबरच्या भाषणात हे सांगितल्याने त्या दिवसाचे तेज उणे होते असे आम्हांस वाटत नाही.

आपल्याच राज्याचे विसर्जन

आता स्वामीजींच्या आयुष्याचा दुसरा भाग. तो कमी प्रसिद्ध आहे, पण राजकारणाच्या अभ्यासकास तोच अधिक बोधप्रद वाटेल.

हैदराबाद मुक्त झाले, पण सत्ता स्वामीजींच्या हाती आली नाही. प्रथम लष्करी प्रशासन, नंतर मुलकी अधिकारी वेल्लोडी यांचे सरकार, आणि १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झाले ते बूर्गुल रामकृष्णराव, म्हणजे १९४६ साली स्वामीजींनी ज्यांचा पराभव केला तेच. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे डाव्या विचारांचे सहकारी काँग्रेसबाहेर पडले. स्वामीजी काँग्रेसमध्येच राहिले, १९५२ साली गुलबर्ग्याहून लोकसभेवर निवडून गेले, आणि मंत्रिपद त्यांनी आयुष्यात कधीच भूषविले नाही.

याच काळात त्यांनी दुसरी मागणी लावून धरली : हैदराबाद राज्य मोडावे. तेलुगू भाग आंध्राकडे, कानडी कर्नाटकाकडे, मराठवाडा महाराष्ट्राकडे जावा. ज्या राज्यासाठी तुरुंग भोगला, ज्याच्या काँग्रेसचे आपण अध्यक्ष, तेच राज्य नकाशावरून पुसून टाकावे असे म्हणणारा पुढारी विरळा. आपली जहागीर कोण मोडतो? पण त्यांच्या विचारात सुसंगती होती. निजामाच्या राज्याची सीमा लोकांनी आखलेली नव्हती. लढाया, तह आणि देणग्या यांनी ती आखली होती. जे राज्य न्यायालयात व शाळेत प्रजेच्या भाषेत बोलू शकत नाही, ते लोकशाहीच्या कामी येत नाही. गुलबर्ग्याच्या शेतकऱ्यास कानडीत, करीमनगरच्यास तेलुगूत आणि भोकरदनच्यास मराठीत दाद मागता आली पाहिजे. म्हणून पहिले विलीनीकरण दुसऱ्यावाचून अपुरे, असे त्यांचे मत होते.

यास विरोध लहानसहान नव्हता. हैदराबादची संमिश्र संस्कृती मोडू नये असे खुद्द पंडित नेहरूंस दीर्घकाळ वाटत होते. राज्यातही अनेकांचे हितसंबंध राजधानीशी गुंतलेले होते. २८ सप्टेंबर १९५३ रोजी महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाड्यातील पुढाऱ्यांत नागपूर करार झाला. त्यात सर्व मराठी प्रदेशाचे एक राज्य आणि मागे राहिलेल्या भागांच्या विकासाकडे, विशेषतः मराठवाड्याकडे, लक्ष देण्याचे अभिवचन होते. १९५५ च्या सप्टेंबरअखेर राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. आयोगाने हैदराबाद मोडण्याची शिफारस केली खरी, पण विदर्भ निराळा ठेवला, मराठवाडा गुजरातसह द्वैभाषिक मुंबईत घातला आणि तेलंगणाचे काही वर्षे स्वतंत्र राज्य सुचविले. अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा विदर्भासह द्वैभाषिक मुंबई राज्यात आला.

त्या वेळी सीमा कशा बदलल्या ते पाहण्यासारखे आहे. बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके इकडे आले. भालकी, औराद तिकडे राहिले. अदिलाबादेतून किनवट व राजुरा आले, तर नांदेड जिल्ह्यातील मुधोळकडील काही भाग आंध्रात गेला. भाषावार रेघ मारणे कागदावर सोपे, शिवारात कठीण. सरहद्दीवर राहिलेल्या भोकरदनकरांस हे निराळे समजावून सांगावयास नको.

१९५७ ची निवडणूक ही स्वामीजींची खरी कसोटी होती. संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडविली. स्वामीजी एकभाषिक राज्याचे पुरस्कर्ते, पण काँग्रेसचे उमेदवार. ते औरंगाबाद मतदारसंघातून निवडून आले. त्यांनी पक्ष सोडून समितीत जावयास हवे होते, असे काहींस वाटले. पक्षात राहून मागणी पुढे रेटणे हा दुबळेपणा की धोरण, यावर आजही वाद होऊ शकेल. आमचे मत असे की, ज्याने अर्ध्याअधिक आयुष्यात संघटना हेच एक साधन हाती धरले, त्यास संघटनेबाहेर जाऊन लढणे स्वभावतःच जड गेले असावे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. दुसरे विलीनीकरण पुरे झाले. १९६२ नंतर स्वामीजी लोकसभेत गेले नाहीत.

शाळा, जमीन आणि शेवटची वर्षे

निवडणुकीच्या राजकारणातून त्यांचे मन केव्हाच दुसरीकडे वळलेले होते. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. मराठवाड्यातील मुलास पदवीसाठी मराठीतून दूर, उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. ती स्थिती बदलण्याचा हा आरंभ. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले. भूमीचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. १९४९ साली जहागिरी गेल्या, १९५० साली कुळकायदा आला. कुळास संरक्षण कागदावर मिळणे निराळे आणि बांधावर मिळणे निराळे, हे जाणून त्यांनी कुळांची बाजू घेतली व पुढे भूदान चळवळीतही भाग घेतला. लढ्याच्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेस त्यांचे निधन झाले. ज्या शहराच्या राज्यकर्त्याशी ते लढले आणि ज्या शहराचे राज्य त्यांनी विसर्जित करविले, तेथेच त्यांची समाधी आहे. त्यांना गुरुस्थानी मानणारे पी. व्ही. नरसिंह राव पुढे भारताचे पंतप्रधान झाले. १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठास स्वामीजींचे नाव देण्यात आले.

राहिलेला हिशेब

मराठवाडा महाराष्ट्रात ‘विनाअट’ आला, असे आपण अभिमानाने म्हणतो. हे वाक्य अर्धेच खरे आहे. लोकांनी किंमत मागितली नाही हे खरे. पण वचने दिली गेली होती. नागपूर करारात ती होती, आणि १९५६ साली राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद आली. ती मंडळे प्रत्यक्षात स्थापन झाली १९९४ साली, म्हणजे अडतीस वर्षांनी, आणि त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मध्यंतरी १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने पुढील वर्षी राज्यातील विकासाचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला व त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी ठरविला. उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबादेस आले १९८१ साली, तेही दीर्घ मागणीनंतर. याच वर्षी १ मे रोजी जालना जिल्हा झाला व भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यातून त्यात आले. या सर्व मागण्यांचा पाठपुरावा स्वामीजींच्या मागे गोविंदभाई श्रॉफ यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत केला.

म्हणून विलीनीकरणाचे तीन अर्थ आपण ध्यानी ठेवावेत. आपले भवितव्य आपण ठरविणे, हा पहिला. तो १९४८ आणि १९६० साली साधला. सर्वांस समान नागरिक मानणे, हा दुसरा. तो रोज नव्याने साधावा लागतो आणि ढिलाई केली तर एका रात्रीत गमावतो. एकत्र आल्यानंतर पाण्यात, शाळेत, रस्त्यात न्याय्य वाटा मिळणे, हा तिसरा. तो राहिलेला आहे. या तिसऱ्या अर्थासाठी पुन्हा वेगळे व्हावे असे सुचविणारे आवाज अधूनमधून उठतात. स्वामीजींच्या राजकारणाचा धडा त्याहून निराळा आहे. घरात आल्यावर घर सोडण्याची धमकी देऊ नये आणि आपला वाटा मागण्याची लाजही धरू नये. मागावयाचे ते मोजून, कागदावर मांडून, संघटना बांधून आणि शेजाऱ्याचा द्वेष न करता मागावे. ना. म. जोशींच्या हाताखाली शिकलेल्या त्या कार्यकर्त्याची हीच रीत होती.

आणि मागण्यासाठी आधी बोलता आले पाहिजे. ‘गश्ती निशान ५३’ आज नाही. आजची ही सभा कोणाच्याही परवानगीवाचून भरली आहे. एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.